इतर परिस्थिती कायम नसताना : अर्थशास्त्राच्या जोडीला कोणता मायनर?

मागणीचा नियम बारावीला पाठ केलेल्या कुणालाही त्याची सुरुवात आठवते : 'इतर परिस्थिती कायम असताना'. किंमत वाढली की मागणी घटते, किंमत घटली की मागणी वाढते, पण इतर परिस्थिती कायम असताना. हे चार शब्द उत्तरपत्रिकेत राहून गेले तर गुण जातात, म्हणून विद्यार्थी ते इमानेइतबारे लिहितात आणि पुढे जातात. त्यांच्याखाली 'गृहीतके' या मथळ्याची यादी असते : ग्राहकाचं उत्पन्न बदलत नाही, आवडीनिवडी बदलत नाहीत, लोकसंख्या बदलत नाही, सरकारी धोरण बदलत नाही.

खऱ्या जगात यातली प्रत्येक गोष्ट रोज बदलते, हे अर्थशास्त्राला ठाऊक असतं. किमतीचा परिणाम वेगळा काढून पाहायचा तर बाकीचं क्षणभर थांबवावं लागतं, एवढाच त्यामागचा हेतू. पण थांबवलेल्या त्या प्रत्येक गोष्टीचा अभ्यास कुणीतरी करतच असतं. आवडीनिवडी कशा घडतात हे मानसशास्त्र पाहतं. घर, जात, रूढी यांचा व्यवहारावर होणारा परिणाम समाजशास्त्र पाहतं. सरकार धोरण का बदलतं हे राज्यशास्त्र विचारतं, ते बदलण्याचा अधिकार त्याला कुठून मिळतो हे कायदा सांगतो. पाऊस आणि जमीन भूगोलाकडे, आजची परिस्थिती इथवर कशी आली हे इतिहासाकडे. आणि परिस्थिती खरोखर कायम होती की नाही, हे आकड्यांवरून तपासण्याचं काम संख्याशास्त्राचं.

अर्थशास्त्र मेजर घेतलेल्या विद्यार्थ्याने मायनर निवडायचा म्हणजे या यादीतली कोणती एक गोष्ट आपण गृहीत धरायची नाही, हे ठरवायचं. या प्रकरणात त्याच अंगाने एकेक विषय पाहू.

मायनर म्हणजे नेमकं किती?

महाराष्ट्रात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची मेजर-मायनर रचना स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाली. त्याआधीच्या पिढीला 'स्पेशल' आणि 'जनरल' हे शब्द ओळखीचे. इकॉनॉमिक्स स्पेशल घेतलेला विद्यार्थी जनरलला राज्यशास्त्र किंवा इतिहास घ्यायचा, बहुतेक वेळा मित्राने घेतला म्हणून. तेव्हापासून दुसरा विषय म्हणजे पानातलं लोणचं, असा समज घरोघरी पक्का आहे. असलं तर बरं, नसलं तरी जेवण होतंच.

आकडे मात्र वेगळं सांगतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान 120 क्रेडिट लागतात. त्यात मेजरला 60 आणि मायनरला 24. महाराष्ट्र शासनाच्या चौकटीत मायनरला 18 ते 20 क्रेडिट आहेत. व्याख्यानाचा एक क्रेडिट म्हणजे साधारण 15 तास. म्हणजे 20 क्रेडिटचा मायनर हा वर्गातल्या 300 तासांचा मामला झाला, घरचा अभ्यास वेगळा. बहुतेक ठिकाणी तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या सेमिस्टरपासून सुरू होतो आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस संपतो. मायनर मेजरच्याच विद्याशाखेतला असू शकतो किंवा दुसऱ्या शाखेतला. नियमाच्या दृष्टीने बी.ए. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्र किंवा संगणक वर्ज्य नाही. अडचण असते ती महाविद्यालयाच्या वेळापत्रकाची, तिच्याकडे शेवटी येऊ.

तीनशे तासांत कुणी समाजशास्त्रज्ञ किंवा गणिती होत नाही. पण त्या विषयाचा माणूस प्रश्न कसा विचारतो, पुरावा कशाला म्हणतो आणि अर्थशास्त्रज्ञाचं कोणतं विधान ऐकून त्याच्या कपाळाला आठी पडते, एवढं नक्की कळतं. मायनरकडून तेवढं मिळालं तरी पुरे.

एका विद्यार्थ्याची विषययादी

1913 मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन एक तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र शिकून तो गेला होता. कोलंबियातल्या तीन वर्षांत भीमराव आंबेडकरांनी अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम घेतले. सोबत इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3 आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी एक. एकूण साठ, त्यांतले निम्मे अर्थशास्त्राबाहेरचे.

या निम्म्यांचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. मे 1916 मध्ये भारतातील जातींवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध वाचला गेला तो अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, अर्थशास्त्राच्या वर्गात नव्हे. दोन वर्षांनी, 1918 मध्ये, त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिलं. तुकडे एकत्र केले की शेती सुधारेल, असा तेव्हाचा सूर होता. आंबेडकरांचं म्हणणं असं की जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, तिच्यावर लागणारं भांडवल आणि अवजारं किती यावर ठरतं. खरा रोग म्हणजे दुसरं काम नसल्याने शेतीवर साचलेली माणसं. आणि 1936 च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हे दोन धागे एकत्र आले. जात माणसाला पिढीजात धंदा सोडू देत नाही, म्हणून ती बेकारीचं थेट कारण ठरते, हा त्यातला युक्तिवाद मजुरांच्या बाजाराविषयीचा आहे. पाठ्यपुस्तकातला मजूर कमी वेतनाच्या कामातून जास्त वेतनाच्या कामाकडे सहज सरकतो. तो तसा सरकत का नाही, हे सांगायला अर्थशास्त्राबाहेर जाऊन परत यावं लागलं.

आंबेडकरांची बुद्धी आणि कष्ट कुणी अभ्यासक्रमाच्या रचनेतून मिळवू शकत नाही. पण त्यांच्या विषयनिवडीतलं सूत्र घेण्यासारखं आहे. बाहेरचा प्रत्येक विषय त्यांनी अर्थशास्त्रातल्या एखाद्या न सुटलेल्या प्रश्नाला आणून भिडवला.

अवजारांचे विषय : गणित, संख्याशास्त्र, संगणक

मायनरचे ढोबळ दोन गट पडतात. काही विषय अवजारं देतात, काही विषय क्षेत्राची ओळख देतात. आधी अवजारं.

गणिताचं काम एका छोट्या हिशेबात दिसतं. समजा, एका कारखान्याचा एकूण खर्च असा आहे : 100 रुपये स्थिर, अधिक प्रत्येक नगामागे 5 रुपये, अधिक नगांच्या संख्येचा वर्ग. नऊ नगांना 226 रुपये, दहा नगांना 250, अकरा नगांना 276. आता दहाव्या नगापाशी सीमांत खर्च किती? तक्त्यावरून काढणारा विद्यार्थी अडखळतो, कारण नऊवरून दहावर जाताना 24 येतात आणि दहावरून अकरावर जाताना 26. कलन शिकलेला विद्यार्थी एका ओळीत 25 लिहितो. पहिल्या वर्षी हा फरक किरकोळ वाटतो. पण पदव्युत्तर वर्गात तक्ते संपतात आणि सगळं विवेचन त्या एका ओळीच्या भाषेत चालतं. अनेक चलांचं कलन, मॅट्रिक्स, संभाव्यता हे तिथे शिकवत बसत नाहीत, ते येतंच असं धरून चालतात. भारतीय सांख्यिकी संस्था किंवा गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था अशा ठिकाणी जायची इच्छा असेल, तर गणिताला पर्याय नाही. अमर्त्य सेन यांनी कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अर्थशास्त्राच्या जोडीला गणितच घेतलं होतं. पुढे ते तत्त्वज्ञानाकडे वळले, तरी सामाजिक निवडीवरचं त्यांचं काम गणिती सिद्धांतांच्या रूपातच उभं राहिलं.

महाराष्ट्रातली अडचण अशी की कला शाखेतल्या अनेकांचं गणित दहावीनंतर सुटलेलं असतं आणि गणिताचा मायनर बहुधा बारावीचं गणित मागतो. अशा विद्यार्थ्याने हिरमुसण्याचं कारण नाही. संख्याशास्त्राच्या मायनरची पूर्वअट काही ठिकाणी सैल असते आणि अर्थशास्त्राच्या रोजच्या कामाला ते गणितापेक्षाही जवळचं आहे.

संख्याशास्त्र काय शिकवतं, याचं उदाहरण सरकारी आकड्यांत आहे. 2022-23 च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत 2,61,746 कुटुंबांना भेट दिली गेली. त्यांपैकी ग्रामीण 1,55,014 आणि शहरी 1,06,732. दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात 3,773 रुपये आणि शहरी भागात 6,459 रुपये निघाला. या पाहणीतली कुटुंबनिहाय माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून कुणालाही उतरवून घेता येते. नवखा विद्यार्थी ती फाइल उघडतो, खर्चाच्या रकान्याची सरळ सरासरी काढतो आणि देशाचा आकडा मिळाला असं समजतो. तो आकडा फुगलेला असतो. नमुन्यात शहरी कुटुंबं सुमारे 41 टक्के आहेत, लोकसंख्येत शहरी वाटा त्याहून बराच कमी. म्हणून प्रत्येक कुटुंबाच्या ओळीत एक वेगळा आकडा दिलेला असतो. हे एक कुटुंब देशातल्या किती कुटुंबांच्या वतीने बोलतंय, ते तो सांगतो. त्या आकड्याने गुणल्याशिवाय काढलेली सरासरी निरुपयोगी. हे ज्याला माहीत आहे त्याला संशोधन संस्थेत, बँकेत किंवा वृत्तपत्राच्या अर्थविभागात काम मिळण्याची शक्यता वाढते, कारण अर्थशास्त्राच्या पदवीधरांपैकी अनेकांनी अशी फाइल कधी उघडलेलीच नसते.

महाराष्ट्राला याची परंपराही आहे. 1971 मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून 'पॉव्हर्टी इन इंडिया' मांडलं, तेव्हा त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या खर्चाच्या तक्त्यांना 2,250 उष्मांकांचा निकष लावला आणि एवढं अन्न विकत घेऊ न शकणारे लोक किती, असा प्रश्न विचारला. दारिद्र्यरेषेवरची देशातली चर्चा त्यानंतर बदलली. प्रश्न अर्थशास्त्राचा होता, उत्तर काढण्याची शिस्त संख्याशास्त्राची.

संगणकाचा मायनर घ्यायचा तर एक सावधगिरी. हार्डवेअर आणि ऑफिसच्या कामापुरते प्रोग्रॅम शिकवणारा अभ्यासक्रम अर्थशास्त्राला फारशी जोड देत नाही. आर किंवा पायथॉन यांपैकी एक भाषा, माहितीसाठ्यांची हाताळणी आणि थोडं संख्याशास्त्र एवढं त्यात असेल, तर मात्र तो पदवीनंतर लगेच नोकरी हवी असणाऱ्याला सर्वांत उपयोगी पडतो.

कांद्याची निर्यातबंदी चार वर्गांत

आता क्षेत्राचे विषय. त्यांची उपयुक्तता नुसत्या स्तुतीने पटत नाही, म्हणून एकच घटना घेऊ.

केंद्र सरकारने 8 डिसेंबर 2023 पासून कांद्याची निर्यात बंद केली. ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यातशुल्क आणि ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य हे आधीचे टप्पे होते. अर्थशास्त्राच्या वर्गात याची आकृती दोन मिनिटांत निघते. परदेशी मागणी वजा झाली, देशातला पुरवठा वाढला, भाव पडला. ग्राहकाचा फायदा, उत्पादकाचा तोटा. आकृती बरोबर आहे.

भूगोल घेतलेला विद्यार्थी महिना विचारतो. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि चाळीत चार-सहा महिने टिकतो. डिसेंबरात बाजारात येतो तो खरिपाचा लाल कांदा, तो टिकत नाही. म्हणजे बंदी ज्या दिवशी आली त्या दिवशी शेतकऱ्याला माल राखून ठेवण्याचा पर्यायच नव्हता. आकृतीतली पुरवठ्याची रेषा त्या महिन्यात जवळपास उभी असते. हीच बंदी मे महिन्यात आली असती, तर माल चाळीत गेला असता आणि तोट्याचं स्वरूप बदललं असतं.

कायदा शिकणारा विचारतो, बंदी घालण्याचा अधिकार कुणाचा? संविधानानुसार शेती आणि बाजार राज्यसूचीत, परदेशी व्यापार केंद्रसूचीत. बाजार समिती राज्याच्या कायद्याने चालते, तिच्या आवारातला भाव मात्र 1992 च्या परकीय व्यापार कायद्याखाली दिल्लीत निघालेल्या एका अधिसूचनेने हलतो. लासलगावच्या शेतकऱ्याने दाद कुठे मागायची, हा प्रश्न आकृतीत कुठेच नसतो.

राज्यशास्त्राचा विद्यार्थी तारखा मांडतो. बंदी 4 मे 2024 रोजी उठली, टनाला 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. नाशिक आणि दिंडोरी मतदारसंघांत लोकसभेचं मतदान 20 मे रोजी होतं. दोन तारखा जवळ आल्या म्हणजे एक दुसरीचं कारण, असं सिद्ध होत नाही. पण सरकार ग्राहकाचं किती ऐकतं आणि उत्पादकाचं किती, कधी आणि का, हा अभ्यासाचा विषय आहे हे त्याला कळलेलं असतं.

आणि संख्याशास्त्राचा विद्यार्थी सगळ्यांना थांबवतो. बंदीनंतर भाव पडले हे खरं, पण त्याच आठवड्यांत खरिपाची आवकही वाढत होती. बंदी नसती तर भाव किती राहिला असता? तो आकडा कुठल्याच बाजार समितीच्या फळ्यावर लिहिलेला नसतो, तो अनुमानाने काढावा लागतो. त्यासाठी आधीच्या वर्षांतले याच महिन्यांतले भाव, आवक आणि निर्यातीवर बंधन नसलेल्या एखाद्या दुसऱ्या पिकाचे भाव शेजारी ठेवावे लागतात.

चौघांनीही अर्थशास्त्राची आकृती खोडली नाही. प्रत्येकाने तिच्यातली एक 'कायम' गोष्ट हलवून पाहिली.

सुप्याचे जळालेले रोखे

इतिहासाचा मायनर घेणाऱ्याला घरचे विचारतात, 'त्याचा काय उपयोग?' याचं एक उत्तर पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात आहे. 12 मे 1875 रोजी तिथल्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांना हव्या होत्या वह्या आणि कर्जरोखे. ते मिळाले तिथे जाळले गेले. हा उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरला.

शेतकरी रोख्यांवर का तुटून पडले? 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीन वर्षांपुरताच ग्राह्य ठरवला होता. व्याज वर्षानुवर्षं साचू नये, म्हणजे ऋणकोचं रक्षण व्हावं, हा हेतू. झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा करून घेऊ लागला आणि थकलेलं व्याज त्यात मुद्दल म्हणून चढू लागलं. ज्याला वाचता येत नाही तो अंगठा उठवत राहिला. नियम कर्जदाराच्या भल्यासाठी केला आणि दुसऱ्या बाजूने आपलं वागणं बदलून तो निकामी केला, हे आजच्या कर्जनियमनातही पदोपदी दिसतं.

भोवतीची परिस्थितीही मोठी होती. 1861 ते 1865 या अमेरिकी यादवीच्या काळात तिकडचा कापूस ब्रिटनला मिळेना, म्हणून इथल्या कापसाला तेजी आली आणि सावकारांची पत सैल झाली. युद्ध संपलं, भाव कोसळले, पत आखडली, त्यातच शेतसारा वाढवला गेला. मात्र पुणे-नगरच्या या गावांवर कापसाचा परिणाम किती आणि साऱ्याचा किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. तो वाद वाचणं हीच इतिहासाची शिकवण. एकाच घटनेची दोन कारणं समोर असताना कागदपत्रांवरून वजन कसं ठरवायचं, हे तिथे शिकायला मिळतं. 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा या उठावातून आला. नामवंत अर्थशास्त्रज्ञांनाही इतिहासाची जोड लागलेली दिसते. एस्तेर द्युफ्लो पॅरिसमध्ये इतिहास आणि अर्थशास्त्र दोन्ही शिकल्या होत्या. 2023 चं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकी स्त्रियांच्या रोजगाराचा दोनशे वर्षांचा आलेख जुन्या दप्तरांतून उभा केला.

माणूस, घर आणि पाटाचं पाणी

मानसशास्त्र आज चलनात आहे आणि त्याला कारण आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांना 2002 मध्ये आणि त्यांच्याच वाटेने गेलेले अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांना 2017 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी एका कंपनीतल्या कर्मचाऱ्यांना सांगितलं, आज बचत वाढवू नका, पुढची पगारवाढ होईल तेव्हा त्यातला भाग आपोआप बचतीत जाऊ द्या. चाळीस महिन्यांत त्यांचा बचतीचा दर पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेला. त्यासाठी जास्त व्याजाचं आमिष दाखवावं लागलं नाही. भारताच्या 2018-19 च्या आर्थिक पाहणीतही या विचाराला एक स्वतंत्र प्रकरण मिळालं. पण मायनर निवडताना केवळ या प्रसिद्धीवर जाऊ नये. मानसशास्त्राचा खरा लाभ प्रयोगशाळेत आहे. दोन गट कसे करायचे, प्रश्न कसा विचारला म्हणजे उत्तर त्यातच सुचवलं जात नाही, ही शिस्त अर्थशास्त्राच्या वर्गात क्वचितच मिळते.

समाजशास्त्राची गरज एका आकड्यात सांगता येते. 2019 च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटं देत होत्या, घरकाम करणारे पुरुष 97. स्वयंपाक, धुणी-भांडी, झाडलोट ही सगळी मिनिटं राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाबाहेर राहतात. बायका नोकरी का करत नाहीत, याचं उत्तर वेतनाच्या आलेखात शोधणाऱ्याला ही पाच तासांची गोष्ट आधी ठाऊक हवी.

राज्यशास्त्राविषयी मात्र इथे थोडं थांबायला हवं, कारण महाराष्ट्रात अर्थशास्त्रासोबत तो विषय बहुतेक वेळा स्पर्धा परीक्षेसाठी घेतला जातो आणि त्याची खरी जोड निसटते. ती जोड एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवली. त्या राज्यशास्त्रज्ञ होत्या आणि 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. सामायिक कुरण किंवा पाणी सरकारने ताब्यात घ्यावं नाहीतर खाजगी मालकीला द्यावं, असे दोनच मार्ग पुस्तकं सांगत होती. लोक स्वतः नियम करून तिसरा मार्ग काढतात, हे त्यांनी जगभरच्या उदाहरणांतून मांडलं. धुळे-नाशिक भागातली फड पद्धत याच जातीची. नदीवर बंधारा, त्याच्या पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले, कोणत्या फडात यंदा कोणतं पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि पाणी देण्याचं काम पाटकऱ्याकडे. शेतकऱ्याने आपल्या तुकड्यात हवं ते पीक घेण्याचं स्वातंत्र्य सोडायचं आणि त्या बदल्यात पाण्याची खात्री मिळवायची. हा करार कोण मोडतं, मोडलं तर कोण दटावतं, आणि मोठा बागायतदार लहानाला दाबत नाही हे कोण पाहतं? हे प्रश्न सत्तेचे आहेत. नुसत्या मागणी-पुरवठ्याने ते सुटत नाहीत.

हिशेब आणि भाषा

दोन विषय विद्यार्थी सहसा बाजूला टाकतात. एक लेखाकर्म. कला शाखेतून आलेला अर्थशास्त्राचा पदवीधर बँकांच्या थकीत कर्जांवर पानभर लिहितो, पण एखाद्या बँकेचा ताळेबंद समोर ठेवला तर गोंधळतो. ठेवी ही बँकेची देणी आणि कर्जं ही तिची मत्ता, हे त्याने वाचलेलं असतं, खतावणी करून पाहिलेलं नसतं. त्याला लेखाकर्माचा मायनर फार उपयोगी. वाणिज्य शाखेतून आलेल्याला तोच मायनर म्हणजे पुन्हा तेच.

दुसरा विषय भाषा. शेतकऱ्याला 'तुमचं वार्षिक उत्पन्न किती?' असं विचारलं तर धड उत्तर मिळत नाही. किती पोती निघाली, घरी किती ठेवली, काय भावाने गेली, आडत किती कापली, असं त्याच्या बोलीत विचारत गेलं की उत्पन्न आपोआप उलगडतं. मराठीचा मायनर घेतलेला आणि आकडेही कळणारा लेखक वृत्तपत्रांना, सहकारी संस्थांना आणि पाहणी करणाऱ्यांना हवा असतो, आणि असे लोक थोडे आहेत.

निवड करताना

आता व्यवहार. ज्यांना एम.ए. आणि संशोधनाकडे जायचं आहे, त्यांनी गणित किंवा संख्याशास्त्र घ्यावं. भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा अर्थशास्त्राच्या किंवा तत्सम पदव्युत्तर पदवीनंतरच देता येते आणि तिच्या अभ्यासक्रमात संख्यात्मक पद्धती आहेत, हेही ध्यानात ठेवावं.

ज्यांचं लक्ष्य नागरी सेवा आहे, त्यांच्यासाठी हिशेब सरळ आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत गुणवत्तेसाठी धरले जाणारे लेखी गुण 1,750, त्यांत वैकल्पिक विषयाचे 500. राज्य लोकसेवा आयोगानेही राज्यसेवेसाठी वर्णनात्मक पद्धत स्वीकारली आहे. वैकल्पिक विषय राज्यशास्त्र, भूगोल किंवा समाजशास्त्र ठरलाच असेल, तर मायनर तोच घेण्यात शहाणपण आहे. ठरला नसेल तर केवळ परीक्षेच्या नावावर मायनर घेऊ नये. परीक्षेची पद्धत अधूनमधून बदलते, गुणपत्रिकेवरचा मायनर बदलत नाही.

पदवीनंतर लगेच कमावण्याची निकड असेल, तर संगणक किंवा लेखाकर्म. त्यात कमीपणा नाही. घरची परिस्थितीही 'इतर परिस्थिती'तच मोडते.

मायनर ठरवण्याआधी आणखी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, विषयाच्या नावावर न जाता शेवटच्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम वाचावा. पहिले पेपर सगळीकडे ओळखीचेच असतात, विषय कुठवर नेतो हे शेवटच्या पेपरात कळतं. दुसरी, मेजरशी होणारी पुनरावृत्ती. बँकिंग, व्यवसाय अर्थशास्त्र, सार्वजनिक वित्त अशा नावांचा मायनर असेल, तर त्यातला बराचसा भाग तुम्ही मेजरमध्ये शिकणारच आहात. तिसरी, शिकवणार कोण आणि तो वर्ग खरोखर भरतो का, हे वरच्या वर्गातल्या मुलांना विचारावं. चौथी, वेळापत्रक. मेजरचा आणि मायनरचा तास एकाच वेळी आला तर हजेरी कशाची भरणार?

अनेक तालुक्यांच्या ठिकाणी महाविद्यालयात पर्यायच दोन-तीन असतात. तिथे मायनर जो मिळेल तो घेऊन उरलेली भर खुल्या वैकल्पिक आणि कौशल्याच्या क्रेडिटमधून घालता येते. मायनर इतिहास आणि कौशल्याचा पेपर आकडेवारीच्या हाताळणीचा, ही जोडी मुळीच वाईट नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार 'स्वयम्'वरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून एका सेमिस्टरचे 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट घेता येतात, पण त्यासाठी महाविद्यालयाची मंजुरी आधी घ्यावी, परीक्षा दिल्यावर नव्हे. आणि 'त्यात मार्क सुटतात' एवढ्या कारणाने घेतलेला विषय तिसऱ्या वर्षी ओझं होतो, कारण तोवर त्याच्याकडून काय हवं होतं हेच आठवत नाही.

अर्ज भरण्याआधी एक कोरा कागद घ्यावा. ज्याचं उत्तर आपल्याला स्वतःला शोधायचं आहे असा एक आर्थिक प्रश्न त्यावर लिहावा : आमच्या गावातली दुधाची संस्था का बुडाली, आजोबांनी जमीन कोणत्या भावाने विकली आणि का, पुण्यातल्या भाड्याच्या खोल्या एवढ्या महाग कशा झाल्या. मग त्याच्या उत्तरासाठी काय काय कळायला हवं, याची यादी करावी. तीन वर्षांत मेजर जे शिकवणार आहे, ते तिच्यातून खोडावं. उरलेल्या ओळी तुमचा मायनर सांगतील. काहीच उरलं नाही, तर प्रश्न बदलून पाहावा. ज्या आर्थिक प्रश्नाचं उत्तर एकट्या अर्थशास्त्रात मिळतं, तो बहुधा परीक्षेच्या पेपरातलाच असतो.